ब्राउझरमध्ये आपोआप हायफनेशन: प्रत्येक भाषेत शब्द नीट तुटावेत म्हणून काय करायचं

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब शब्दांचा मजकूर आला की दोनपैकी एक गोष्ट डोळ्यांना खुपतेच. दोन्ही कडा सरळ ठेवल्या तर शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात, आणि नुसती डावी कडा सरळ ठेवली तर उजवीकडच्या ओळी वेड्यावाकड्या संपतात. छपाईत यावरचा उपाय फार जुना आहे: ओळ संपताना शब्द योग्य जागी तोडायचा, संयोगचिन्ह द्यायचं आणि उरलेला भाग खालच्या ओळीवर न्यायचा. यालाच हायफनेशन म्हणतात. आजचे ब्राउझर हे काम स्वतः करू शकतात. पण मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्यांना तुम्ही सांगावं लागतं, आणि ती भाषा त्यांना येतही असावी लागते. बहुतेक नवखे लोक अडकतात ते इथेच. सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांची, एक ओळ टाकतात, पानावर काहीच बदलत नाही, आणि मग इंटरनेटवरचे दहा वर्षांपूर्वीचे सल्ले वाचत बसतात.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. दुसरी पायरी गाळून तिसरी केलीत तर हाती काही लागणार नाही.

एक सूचना: या लेखात कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच लहान रोमन अक्षरांत लिहायची, आणि जिथे दोन-तीन शब्दांचं मिळून एक नाव आहे तिथे मध्ये आडवी रेघ द्यायची.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- पानाचं एचटीएमएल बदलण्याची मुभा. निदान टेम्प्लेटमधला सगळ्यात वरचा टॅग तरी तुमच्या हातात हवा.
- स्टाइलशीट.
- क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तीन ब्राउझर. जमल्यास एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन.
- तुमच्या मजकुरात येणाऱ्या सगळ्या भाषांची यादी, प्रत्येकीच्या भाषासंकेतासह.
- प्रत्येक भाषेतले वीसेक लांब शब्द, शक्यतो तुमच्याच मजकुरातले.
- ती भाषा रोज वाचणारी एक व्यक्ती. हिच्याशिवाय बाकी सगळं असूनही काम अर्धवट राहतं.

१. ब्राउझर शब्द तोडतो कसा, ते आधी समजून घ्या

ब्राउझरजवळ शब्दांची भलीमोठी यादी नसते, नमुने असतात. ही पद्धत फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनुथ यांच्या हाताखाली पीएचडी करताना तयार केली, प्रबंध १९८३चा. कनुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी ती केली होती, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच किंवा तिच्यावर बेतलेली पद्धत चालते.

कल्पना अगदी नेटकी आहे. दोन-चार अक्षरांचे छोटे तुकडे घ्यायचे आणि त्यांच्या मधल्या जागांवर आकडे लिहायचे. विषम आकडा असेल तर तिथे तोडायला हरकत नाही, सम असेल तर तोडायचं नाही. एकाच शब्दाला अनेक नमुने लागू पडतात, आणि एखाद्या जागेवर दोन नमुन्यांचं पटलं नाही तर मोठा आकडा जिंकतो. अमेरिकी इंग्रजीसाठी असे ४,४४७ नमुने पुरले. शब्दकोशात तोडायला परवानगी असलेल्या जागांपैकी सुमारे ८९ टक्के जागा ते शोधतात, आणि चुकीच्या जागी जवळजवळ कधीच तोडत नाहीत. उरलेल्या जागा सुटतात त्या जाणूनबुजून: एखादी जागा सुटली तर ओळ थोडी सैल पडते एवढंच, पण शब्द भलत्या जागी तुटला तर वाचणारा अडखळतो.

यातून एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची. नमुन्यांना अर्थ कळत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम एका जागी तुटतं आणि त्याच स्पेलिंगचं 'रिकॉर्ड' हे क्रियापद दुसऱ्या जागी. जर्मनमध्ये 'श्टाउबेकन' हा शब्द 'श्टाउ' आणि 'बेकन' असा तोडला तर अर्थ होतो पाणी साठवायचा तलाव, आणि 'श्टाउब' आणि 'एकन' असा तोडला तर होतात धुळीने भरलेले कोपरे. कोणता अर्थ हवा हे अक्षरांच्या तुकड्यांवरून ठरवता येत नाही. अशा शब्दांसाठी सातवी पायरी आहे.

२. प्रत्येक मजकुराची भाषा जाहीर करा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबूया.

सीएसएसच्या नियमांनुसार लेखकाने ज्या मजकुराची भाषा जाहीर केली आहे, त्याच मजकुराचं हायफनेशन ब्राउझरने आपोआप करायचं असतं. अक्षरं पाहून त्याने भाषा ओळखावी अशी अपेक्षाच नाही, आणि ते बरोबरच आहे: देवनागरीतला मजकूर मराठी असेल, हिंदी असेल, नेपाळी किंवा संस्कृतही असेल. म्हणून पानाच्या सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर लँग हे ॲट्रिब्यूट हवंच. मराठीसाठी त्याची किंमत 'एमआर'. 'एमआर-आयएन' लिहिलंत तरी चालतं, पण हायफनेशनला देशाची गरज नाही.

इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत:

- टेम्प्लेटमधला 'ईएन' तसाच राहणं. विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या थीममध्ये इंग्रजीचा संकेत आधीच लिहिलेला असतो, आणि मजकूर मराठी झाला तरी तो कोणी बदलत नाही. मग ब्राउझर देवनागरी शब्दांना इंग्रजीचे नमुने लावून पाहतो, आणि एकही लागू पडत नाही. मजकूर जर्मन किंवा फ्रेंच असेल तर आणखी वाईट. लिपी तीच असल्यामुळे इंग्रजी नमुने लागू पडतात आणि शब्द चुकीच्या जागी तुटतात.
- तीन अक्षरी संकेत. मराठीसाठी 'एमएआर' असाही एक संकेत आहे, पण वेबवरचा नियम असा की दोन अक्षरी संकेत उपलब्ध असेल तर तोच वापरायचा.
- भाषेच्या जागी देशाचा संकेत. ही चूक मुरलेले लोकही करतात. जपानी भाषा 'जेए' आहे, 'जेपी' हा देश. डॅनिश 'डीए' आहे, 'डीके' नाही. चेक 'सीएस' आहे, 'सीझेड' नाही. स्वीडिश भाषेचा संकेत 'एसव्ही'. तिथे स्वीडन देशाचा 'एसई' लिहिलात तर ब्राउझरच्या लेखी तुमचा मजकूर उत्तर सामी भाषेतला होतो. युक्रेनियन भाषा 'यूके', म्हणजे पाहणाऱ्याला ब्रिटन वाटावं असा संकेत, पण भाषेसाठी तोच बरोबर.
- भाषेचे प्रकार विसरणं. अमेरिकी इंग्रजीत शब्द मुख्यतः उच्चाराप्रमाणे तुटतात, ब्रिटिश इंग्रजीत शब्दाच्या घडणीला जास्त मान असतो. दोन्हींचे नमुने वेगळे आहेत. सर्बियन दोन लिप्यांत लिहिली जाते, तेव्हा लिपीचा संकेतही द्या. जर्मनची १९९६च्या सुधारणेआधीची आणि नंतरची लेखनपद्धत वेगळी धरली जाते; जुना मजकूर चढवत असाल तर हा फरक पाळा.

मिश्र मजकुरात प्रत्येक परभाषी तुकड्यावर वेगळं लँग लावायचं. मराठी लेखात इंग्रजी अवतरण आलं तर त्या अवतरणाच्या टॅगवर 'ईएन', त्यात पुन्हा मराठी वाक्य आलं तर त्यावर 'एमआर'. आतल्या टॅगची भाषा बाहेरच्यापेक्षा वरचढ ठरते. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याचा फायदा हायफनेशनपुरता नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) कोणत्या उच्चाराने वाचेल, ब्राउझर भाषांतर सुचवेल का, कोणता फाँट निवडला जाईल, हे सगळं याच ॲट्रिब्यूटवर ठरतं. वेबच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत पानाची भाषा जाहीर करणं पहिल्या पातळीवरच सक्तीचं आहे, आणि पानातल्या परभाषी तुकड्यांची भाषा दुसऱ्या पातळीवर.

३. आता सीएसएस लिहा

गुणधर्माचं नाव 'हायफन्स'. किमती तीन: 'नन' म्हणजे कुठेच तोडू नको, 'मॅन्युअल' म्हणजे मी खूण केली आहे तिथेच तोड, 'ऑटो' म्हणजे तुझं तू ठरव. काहीच लिहिलं नाही तर 'मॅन्युअल' धरलं जातं, म्हणून 'ऑटो' स्वतः लिहावं लागतं.

सफारीत १७व्या आवृत्तीच्या आधी हा गुणधर्म फक्त 'वेबकिट' या उपसर्गासह चालायचा. जुने आयफोन अजून लोकांच्या हातात आहेत, तेव्हा उपसर्गाची ओळ आधी आणि साधी ओळ नंतर अशा दोन्ही लिहा.

हा गुणधर्म आतल्या सगळ्या घटकांना वारशाने मिळतो. म्हणून तो पूर्ण बॉडीला लावू नका. परिच्छेद, यादीतले मुद्दे, मोठी अवतरणं, फोटोखालच्या ओळी यांना लावा. शीर्षकं, बटणं, मेनू, फॉर्ममधली नावं, कोड, वेबपत्ते आणि ईमेल यांना 'नन'. शीर्षकाबाबत मतभेद आहेत. जर्मन किंवा फिनिशसारख्या भाषांत एकेक शब्द इतका लांब असतो की मोबाइलवर शीर्षक न तोडता मावतच नाही, तेव्हा तिथे सवलत द्यावी लागते. मराठी शीर्षकात माझ्या मते शब्द तोडू नये; मोठ्या टायपात तुटलेला शब्द फार बोचतो.

सोबत 'ओव्हरफ्लो-रॅप' हा गुणधर्म 'ब्रेक-वर्ड' या किमतीने ठेवा. दुसरी कुठलीच जागा सापडली नाही आणि शब्द चौकटीबाहेर चालला, तरच तो कामाला येतो, त्यामुळे हायफनेशनच्या आड येत नाही. याउलट 'वर्ड-ब्रेक' या गुणधर्माला 'ब्रेक-ऑल' ही किंमत कधीही देऊ नका. ती शब्द वाटेल तिथे तोडते, आणि संयोगचिन्हही देत नाही. अनेकांना वाटतं की हेच हायफनेशन.

जुने लेख वाचताना तारीख पाहा. फायरफॉक्सला हे २०११ पासून येतं, सफारीलाही साधारण तेव्हापासून. क्रोममध्ये ते २०१६च्या अखेरीस ५५व्या आवृत्तीत आलं, पण फक्त मॅक आणि अँड्रॉइडवर. विंडोज आणि लिनक्सवरच्या क्रोमला २०२१ साली ८८व्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. 'क्रोममध्ये हे चालत नाही' असा ठाम सल्ला दिसला तर तो त्या मधल्या काळातला आहे.

४. चाचणीची अरुंद चौकट बनवा

हे साधन दहा मिनिटांत होतं आणि त्यानंतर कायम उपयोगी पडतं.

एक रिकामं पान घ्या. त्यात भाषेगणिक एक विभाग करा, प्रत्येक विभागावर बरोबर लँग लावा. विभागात तुमचे वीस लांब शब्द, प्रत्येक शब्द स्वतंत्र परिच्छेदात. या परिच्छेदांना 'हायफन्स'ची 'ऑटो' किंमत द्या आणि रुंदी शून्य ठेवा. रुंदीच नसल्यामुळे ब्राउझरला शब्द जिथे जिथे तोडता येतो तिथे तिथे तो तोडतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर दिसतो. शब्दाच्या सगळ्या तोडजागा एका नजरेत. 'ओव्हरफ्लो-रॅप' मात्र इथे काढून ठेवा, नाहीतर कोणती तोड हायफनेशनची आणि कोणती नाइलाजाची ते कळणार नाही.

मग हेच पान प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडा, आणि निकाल टिपून ठेवा. ब्राउझर आणि भाषा यांच्या प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा येऊ शकतो, कारण नमुन्यांची यादी ज्याची त्याची आहे. मॅकवरचा क्रोम ऑपरेटिंग सिस्टिमची सोय वापरतो, तर विंडोजवरचा क्रोम स्वतःचे नमुने आणतो. म्हणजे ब्राउझर तोच असूनही दोन संगणकांवर उत्तर वेगळं येऊ शकतं.

इथला मोठा सापळा म्हणजे 'सपोर्ट्स' ही सीएसएसची चौकशी. 'हायफन्सला ऑटो चालतं का' असं तिला विचारलं की ब्राउझर 'हो' म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ एवढाच की त्याला हा गुणधर्म वाचता येतो. तुमच्या भाषेचे नमुने त्याच्याजवळ आहेत की नाहीत, हे त्यात येत नाही. खरं उत्तर फक्त अरुंद चौकटीतच मिळतं.

५. देवनागरीचे नियम डोळ्यांखालून घाला

मराठीसाठी नमुने उपलब्ध आहेत. टेक प्रणालीसाठी जमवलेल्या संग्रहात ते आहेत, अँड्रॉइडच्या संग्रहातही आहेत. इंग्रजीसारखी हजारोंची यादी मात्र इथे नाही. देवनागरीचे नमुने थोडे आणि सरळ आहेत:

- व्यंजनाच्या आधी तोडता येतं.
- काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्या आधी तोडायचं नाही; नंतर तोडता येतं.
- अनुस्वार आणि विसर्ग मागच्या अक्षरापासून सुटत नाहीत.
- पाय मोडलेल्या अक्षराच्या पुढे तोडायचं नाही, म्हणजे जोडाक्षर अखंड राहतं.

आता 'विद्यार्थ्यांसाठी' हा शब्द घ्या. या नियमांनी त्याच्या तोडजागा अशा पडतात: वि-द्या-र्थ्यां-सा-ठी. उच्चार पाहिला तर आपण 'विद्' आणि 'यार्' असे तुकडे बोलतो, पण लिहिताना 'द्या' हे एक अक्षर आहे, ते फुटलेलं कोणाला आवडणार नाही. रफारही बरोबर पुढच्या अक्षरासोबत जातो. इथपर्यंत उत्तम.

अडचण येते ती सामासिक शब्दांत. 'नाटककार' हा शब्द याच नियमांनी 'नाट-ककार' असाही तुटू शकतो, आणि 'दगडफेक' हा 'दग-डफेक' असा. लिपीच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण ओळीच्या शेवटी 'दग-' वाचलं की वाचणारा क्षणभर थांबतो, कारण मराठीत 'दगड'मधल्या शेवटच्या 'ड'चा उच्चार मोकळा नसतो, तो मागच्या 'ग'ला चिकटूनच येतो. अक्षरातला अ उच्चारात असा कुठे गळतो आणि कुठे नाही, हे साध्या नमुन्यांना कळू शकत नाही. म्हणूनच सुरुवातीच्या यादीत भाषा रोज वाचणारी व्यक्ती घातली आहे. तिला चौकटीतला निकाल दाखवा आणि खटकणाऱ्या शब्दांवर खूण करायला सांगा.

विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं हा आपल्या भाषेतला सोयीचा भाग. 'त्यांच्यासारख्यांसाठीसुद्धा' हा शब्द पाहा: 'सारख्यां', 'साठी', 'सुद्धा' यांच्या आधी तोडला तर वाचताना जराही अडत नाही. तुमच्या मजकुरात असे लांब शब्द वारंवार येत असतील तर या जागा हाताने खुणावण्यासारख्या आहेत.

६. किती तोडायचं याला मर्यादा घाला

नुसतं 'ऑटो' ठेवलं की काही ब्राउझर फार उत्साहाने तोडतात. दोन अक्षरं वर आणि बाकी खाली असे तुकडे दिसले की मजकूर उसवल्यासारखा वाटतो.

यासाठी 'हायफनेट-लिमिट-कॅर्स' हा गुणधर्म आहे. त्याला तीन आकडे द्यायचे: शब्द किमान किती वर्णांचा हवा, तोडीआधी किमान किती, तोडीनंतर किमान किती. काही न दिल्यास ५, २ आणि २ धरावेत असं नियमावली सुचवते. इंग्रजीसाठी मी ८, ३ आणि ३ पासून सुरुवात करतो. क्रोममध्ये हा १०९व्या आवृत्तीपासून, फायरफॉक्समध्ये १३७व्यापासून चालतो. सफारीत याच कामासाठी 'वेबकिट' उपसर्गाचे, आधीच्या आणि नंतरच्या वर्णांचे वेगवेगळे गुणधर्म आहेत.

देवनागरीत हे आकडे जपून निवडा. 'र्थ्यां' हे आपल्या लेखी एक अक्षर; युनिकोडमध्ये ते सात चिन्हांचं बनतं. ब्राउझरचा हिशोब आपल्या अक्षरांप्रमाणे चालत नाही, तेव्हा इंग्रजीचे आकडे मराठीला उचलून लावू नका. मराठीसाठी आकडे मोठे घ्या आणि अरुंद चौकटीत निकाल पाहत पाहत कमी करा. भाषेनुसार वेगळे आकडे देण्यासाठी सीएसएसमध्ये 'लँग' नावाचा सिलेक्टर आहेच.

संयोगचिन्हाऐवजी दुसरं चिन्ह हवं असेल तर 'हायफनेट-कॅरेक्टर' वापरा. ज्या लिप्यांत ओळीच्या शेवटी चिन्ह द्यायची रीत नाही तिथे त्याला रिकामी किंमत देता येते. मराठीत आडवी रेघ वाचकाच्या ओळखीची आहे, ती राहू द्या.

७. अवघड शब्दांना हाताने खूण करा

यासाठी सॉफ्ट हायफन असतो. युनिकोडमधला त्याचा क्रमांक ००एडी. एचटीएमएलमध्ये 'शाय' या नावाने लिहितात. एरवी तो दिसत नाही, शब्द तिथे तुटला तरच संयोगचिन्ह उमटतं. 'दगड' आणि 'फेक' यांच्या मध्ये तो ठेवला की प्रश्न मिटला.

एक नियम मात्र बहुतेकांना माहीत नसतो. शब्दात तुम्ही खूण केली असेल तर तिला आपोआप ठरलेल्या जागांपेक्षा प्राधान्य मिळतं. म्हणून लांब शब्दात एकच सॉफ्ट हायफन घालून थांबू नका. घालायचेच तर सगळ्या चांगल्या जागांवर घाला.

सॉफ्ट हायफन मजकुराचा भाग होतो, आणि त्याचे परिणाम लांबवर जातात. वाचकाने मजकूर कॉपी केला तर तो सोबत जाऊ शकतो. तुमच्या साइटवरच्या शोधाला 'दगडफेक' सापडेनासा होतो, कारण साठवलेल्या शब्दात एक न दिसणारं चिन्ह आहे. काही स्क्रीन रीडर त्या जागी अडखळतात. म्हणून डेटाबेसमध्ये सॉफ्ट हायफन साठवू नका. अवघड शब्दांची वेगळी यादी ठेवा आणि पान तयार होताना त्या शब्दांत खुणा घाला. आपोआप होणाऱ्या हायफनेशनला यातलं काहीच लागत नाही. तिथे रेघ फक्त पडद्यावर असते, मजकूर कोरा राहतो.

तोड हवी पण रेघ नको, असं वेबपत्त्यांच्या बाबतीत होतं. तिथे 'डब्ल्यूबीआर' हा टॅग वापरा. रेघ हवी पण तिथे ओळ तुटायला नको असेल तर न तुटणारा हायफन, क्रमांक २०११.

काही भाषांत तुटताना शब्दाचं स्पेलिंगच बदलतं. डचमध्ये 'ओमात्ये' या शब्दातल्या 'ए' अक्षरांच्या जोडीतला एक 'ए' तोडताना गळतो. जुन्या जर्मन लेखनात 'सीके' ही जोडी तुटताना 'के' आणि 'के' व्हायची. सॉफ्ट हायफन स्पेलिंग बदलत नाही. असे शब्द त्या जागी न तोडणंच बरं.

८. जिथे हायफनेशन नसतंच, त्या भाषा ओळखा

चिनी आणि जपानी मजकूर जवळजवळ कोणत्याही अक्षरानंतर तुटतो, काही विरामचिन्हांचे अपवाद सोडून. संयोगचिन्हाचा प्रश्नच नाही. थाईमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ब्राउझर शब्दकोशाच्या आधाराने शब्दांच्या सीमा शोधतो आणि रेघ न देता तिथे ओळ तोडतो. अरबीत शब्द तोडण्याची रीत नाही, तिथे ओळ भरायला अक्षरांची जोडरेघ लांबवतात. पण अरबी लिपीत लिहिली जाणारी उइगुर भाषा मात्र शब्द तोडते, म्हणून लिपीवरून अंदाज बांधू नका.

९. काहीच होत नसेल तर या क्रमाने पाहा

डेव्हलपर टूल्समध्ये तो परिच्छेद निवडा. त्याला लागू झालेली 'हायफन्स'ची अंतिम किंमत 'ऑटो' आहे का? नसेल तर दुसरा कुठलातरी नियम वरचढ ठरतोय. असेल तर वरच्या टॅगांमध्ये लँग शोधा, सर्वांत जवळचं कोणतं ते पाहा. तेही बरोबर असेल तर 'व्हाइट-स्पेस' ला 'नोरॅप' किंमत कुठे लागली आहे का ते बघा. ओळच तुटायची नसेल तर शब्द कुठून तुटणार. मग शब्द मर्यादेपेक्षा लहान तर नाही ना, हे तपासा. इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द काही ब्राउझर विशेषनाम समजून तोडत नाहीत. चाचणीचे शब्द लहान अक्षरात घ्या. इथवर सगळं ठीक असेल तर त्या ब्राउझरजवळ त्या भाषेचे नमुने नाहीत.

१०. नमुने नसतील तर स्वतः पुरवा

हायफनोपोली नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी या कामासाठी चांगली आहे. ती आधी ब्राउझरला तुमची भाषा येते का ते स्वतः तपासते, आणि येत नसेल तरच नमुने उतरवून घेते. शब्दांत ती सॉफ्ट हायफनच घालते, पण वाचक कॉपी करतो तेव्हा ते काढून टाकण्याची सोय तिच्यात आहे. पान सर्व्हरवर तयार होत असेल तर पायथनमध्ये पायफेन वापरता येतं. ते लिबरऑफिसचे हायफनेशन शब्दकोश वापरतं.

पण लायब्ररी जोडण्याआधी खरोखर गरज आहे का हे ठरवा. ज्या ब्राउझरमध्ये मराठी तुटत नाही तिथे दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडून डावी कडा सरळ ठेवली, तर मजकूर हायफनेशनशिवायही छान वाचता येतो. माझा कल बहुतेक वेळा याच पर्यायाकडे असतो. अरुंद रकाने किंवा खूप लांब शब्द असतील तरच लायब्ररीचा भार घ्यावा.

शेवटची सूचना, स्वयंचलित चाचण्या करणाऱ्यांसाठी. क्रोम हायफनेशनचे नमुने मागाहून, वेगळा घटक म्हणून उतरवतो. नुकत्याच बसवलेल्या किंवा दरवेळी कोऱ्या प्रोफाइलने सुरू होणाऱ्या क्रोममध्ये ते नसू शकतात. त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये किंवा तिथून बनवलेल्या पीडीएफमध्ये एकही शब्द तुटलेला दिसला नाही तर लगेच सीएसएस बदलायला घेऊ नका. तेच पान रोजच्या वापरातल्या ब्राउझरमध्ये उघडा, निकाल तिथला धरा, आणि चाचणीच्या संगणकावर नमुने आधीच असलेली प्रोफाइल ठेवा.